आप्पांची अँजिओप्लास्टी आणि रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते आणि कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, वय ६३, दिवसभर वावरात कापसाची गाठोडी बांधत होते. रात्री दीडच्या सुमाराला आईने मला हलवून उठवलं. आप्पा ओट्यावर बसले होते. बनियन घामाने चिंब, उजवा हात छातीवर. "मन्ह छातीमा दुखी ऱ्हायनं," एवढंच बोलले. आप्पा दुखण्याचं कधी बोलत नाहीत. पायात काटा मोडला तरी संध्याकाळी घरी येऊन काढणारा माणूस. त्यामुळे हे वेगळं आहे, हे मला तिथेच कळलं.

त्यानंतरच्या आठ दिवसांत आणि पुढच्या दोन महिन्यांत काय काय झालं, कुठे किती पैसे गेले, कुठले वाचवता आले असते, ते सगळं तारखांसकट लिहून ठेवतोय. सरकारी योजनेतून उपचार "फुकट" होतात हे मीही ऐकून होतो. त्या फुकटापर्यंत पोचायची वाट मात्र कुणी सांगितलेली नव्हती. दवाखान्याचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आमचं गाव बोरी नदीच्या काठचं, धुळे-जळगाव महामार्गापासून नऊ किलोमीटर आत. गल्लीतल्या एकाची बोलेरो काढली. १०८ ला फोन करायचं त्या घाईत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती गाडी फुकट असते, आत ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतो. आम्ही गाडीभाड्यात २,२०० रुपये घातले आणि आप्पांना ऑक्सिजनशिवाय नेलं. हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा, आईच्या साध्या फोनमध्येसुद्धा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर होते. दहा मिनिटांत ईसीजी काढला, जिभेखाली एक गोळी दिली, चार-पाच गोळ्या एकदम चावायला लावल्या. केसपेपरचे पैसे विचारले तर सिस्टर म्हणाल्या, "नाही लागत आता." सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत झालेलं आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हार्टचं आहे. वेळ घालवू नका, धुळं गाठा." त्यांनी दिलेला तो ईसीजीचा कागद मी खिशात घातला. पुढे तो तीन वेळा कामाला आला. असला कुठलाही कागद दवाखान्यात देऊन टाकू नका, आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढा.

पहाटे चारला धुळ्याच्या एका खासगी रुग्णालयात पोचलो. नातेवाइकांनी तेच नाव सांगितलं होतं. आप्पांना आत घेतलं आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पंचवीस हजार डिपॉझिट." घरात दिवाळीतून उरलेले नऊ हजार होते, ते आईने निघताना पदराला बांधून आणले होते. सहा हजार मी फोनवरून टाकले. पंधरा हजारांवर त्याने फाइल उघडली. त्या वेळी माझ्या तोंडून योजनेचा शब्दही निघाला नाही. माणूस आत तडफडत असताना काउंटरवर वाद घालायची हिंमत होत नाही, आणि डिपॉझिट मागणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

सकाळी उजाडल्यावर चहा प्यायला खाली उतरलो तर जिन्याखाली एक टेबल दिसलं. मागे महात्मा फुल्यांचा फोटो आणि बोर्ड: महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. रुग्णालय योजनेत होतं. पहाटे ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुम्ही मात्र कॅज्युअल्टीच्या दारातच विचारा, "दवाखाना फुले योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?" आरोग्यमित्र म्हणजे दवाखान्यात बसून योजनेचं काम बघणारा माणूस. हा प्रश्न डिपॉझिटच्या आधी विचारायचा, नंतर नाही.

त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. आईचा उपास. ती आयसीयूच्या दारासमोरच्या बाकड्यावर बसून होती. दर थोड्या वेळाने मला विचारायची, "कितला पैसा लागतीन रे भाऊ?" डॉक्टरांनी सांगितलं होतं की रक्ताच्या तपासणीत अटॅक दिसतोय, आता धोका थोडा कमी आहे, पण अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नळ्यांची तपासणी, करावी लागेल आणि बहुतेक अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी जाळी, टाकावी लागेल. सगळं मिळून पावणेदोन लाख धरून चाला. मी आईला म्हटलं, बघू. तिने ओळखलं असणार. "वावर इकू नको," एवढंच म्हणाली.

साडेनऊला आरोग्यमित्र आले. पंचविशीचा पोरगा. टेबलाभोवती आधीच सात-आठ जण उभे होते. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. १ जुलै २०२४ पासून योजना राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही कार्ड असो. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते आता पाच लाखांचं. अँजिओप्लास्टी त्यात बसते. रेशनकार्ड आणि आधार द्या. मी आमचं केशरी कार्ड दिलं. त्यांनी संगणकावर बघितलं, परत बघितलं आणि म्हणाले, "दादा, हे कार्ड ऑनलाइन नाही. बारा अंकी नंबरच नाही याला."

भानगड अशी होती. २०१६ पर्यंत आप्पा आणि त्यांचे मोठे भाऊ, आमचे तात्या, यांचं एकच कार्ड होतं. वाटणी झाली तसं कार्डही वेगळं झालं. तात्यांच्या कार्डावरून आमची नावं कमी झाली आणि आम्हाला नवीन कार्ड हाताने लिहून मिळालं. ते पुढे संगणकात चढलंच नाही. केशरी कार्डावर आम्हाला धान्य मिळत नव्हतं, त्यामुळे आठ वर्षांत त्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. कपाटात ठेवलेला कागद, एवढीच त्याची किंमत होती. आता त्या कागदावर पावणेदोन लाख अडले.

आरोग्यमित्रांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही लाखमोलाच्या होत्या. एक, डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या की रुग्ण हृदयविकाराने भरती आहे आणि योजनेसाठी कार्ड तातडीने ऑनलाइन हवं आहे. सही आणि शिक्का दोन्ही असू द्या. दोन, आजपासून एकही पावती फेकू नका.

मी पत्राविनाच पळालो. डॉक्टर राउंडला होते, थांबायचा धीर नव्हता. दुपारी एकला तहसीलच्या पुरवठा शाखेत पोचलो तर खुर्च्या रिकाम्या. २० तारखेला विधानसभेचं मतदान, निम्मे कर्मचारी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. जे एक जण होते ते म्हणाले, "निकाल लागू द्या. तेवीसच्या नंतर या." मी आयसीयूचं सांगितलं. ते म्हणाले, "कागद दाखवा." कागद नव्हता. पासष्ट किलोमीटरची ये-जा वाया गेली. इतका हताश मी त्या आठ दिवसांत दुसऱ्या कुठल्याच वेळी झालो नाही. आवारातल्या निंबाखाली मोटारसायकलला टेकून दहा मिनिटं नुसता उभा होतो.

पैशाची सोय घरी चालू झाली होती. सुरतहून धाकटा भाऊ रात्रीच्या गाडीने निघाला. तो तिथे लूमवर आहे, सुट्टी म्हणजे पगार कट. बायकोने घरातला पाच क्विंटल कापूस दारात येणाऱ्या व्यापाऱ्याला ६,७०० च्या भावाने घातला. मध्यम धाग्याचा हमीभाव त्या हंगामात ७,१२१ होता. पण सरकारी केंद्रावर न्यायचं म्हणजे सातबारा, नोंदणी, ओलावा आणि मग पैसे खात्यात यायची वाट. व्यापारी रोख देत होता. शिवाय तीस हजार गावातल्या एकाकडून तीन रुपये शेकड्याने उचलले.

१३ तारखेला सकाळी अँजिओग्राफी झाली. तिचे आठ हजार आधी भरा, स्टेंट बसली तर योजनेत धरू, असं सांगितलं गेलं. डाव्या बाजूच्या मुख्य नळीत नव्वद टक्के अडथळा निघाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. उसाच्या पेरासारखी जाड दिसणारी नळी मध्येच दोऱ्याएवढी झाली होती. दोन-चार दिवसांत प्लास्टी करून घ्या, म्हणाले. पत्र मी तिथेच हातात घेतलं.

दुपारी परत तहसील. या वेळी पत्र होतं. पुरवठा शाखेत एक बाई होत्या, त्यांनी ते नीट वाचलं आणि बसायला सांगितलं. पुढे जे झालं त्याचं श्रेय त्यांनाच. कार्ड ऑनलाइन चढवायला काय लागतं ते त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: आमचं मूळ कार्ड, घरातल्या पाचही जणांची आधारकार्डं, रेशन दुकानदाराचा सही-शिक्का, आणि ज्या जुन्या कार्डावरून नावं कमी झाली ते मूळ कार्ड. झेरॉक्स नाही, मूळ. "उद्या दुपारपर्यंत आणा," त्या म्हणाल्या. "परवा गुरुनानक जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार, मग आम्ही सगळे इलेक्शन ड्युटीवर."

म्हणजे तात्यांच्या दारात जाणं आलं.

वाटणीपासून आमच्या दोन घरांत बोलणं नव्हतं. बांधावरून सुरू झालेलं भांडण कोर्टापर्यंत गेलं नाही एवढंच. माझ्या लग्नातही ते आले नव्हते. रात्री साडेआठला मी त्यांच्या ओसरीवर उभा राहिलो. तात्या जेवत होते. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की आप्पा आयसीयूत आहेत आणि तुमचं जुनं कार्ड हवंय. ते काही बोलले नाहीत. ताटातच हात धुतला, उठले, आत गेले. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर सुतळी बांधलेलं एक पुडकं होतं. सुतळीची गाठ घट्ट बसलेली, त्यांनी ती दातांनी सोडली. आत वाटणीचे कागद, आजीच्या मृत्यूचा दाखला आणि सगळ्यात खाली ते कार्ड. कोपरे झिजून गोल झालेले. त्यांनी पान उघडून दिव्याखाली धरलं. वर तात्या, काकू, त्यांची मुलं. खाली आप्पा, आई, मी, भाऊ, बहीण. आमच्या पाच नावांवर लाल शाईची एक सरळ रेघ आणि बाजूला तहसीलचा शिक्का, २०१६ चा.

"हाऊच का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. कार्ड माझ्या हातात न देता त्यांनी ते परत प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. "मी येस सकाये," म्हणाले.

१४ तारखेला सकाळी आठला तात्या टोपी घालून दारात हजर. मोटारसायकलवर माझ्या मागे बसून रेशन दुकानदाराकडे, तिथून तहसीलला आले. अर्ज भरला, बाईंनी कागद तपासले, नायब तहसीलदारांच्या सहीसाठी अडीच तास गेले, मग ऑपरेटरकडे पाठवलं. सर्व्हर दोनदा बसला. तात्या निंबाखाली बसून राहिले, घरून आणलेली भाकरी खाल्ली, मला अर्धी दिली. पावणेसहाला ऑपरेटरने एका चिटोऱ्यावर बारा आकडे लिहून दिले. मी ते आधी मोबाईलमध्ये टाकले, मग हातावर लिहिले, मग आरोग्यमित्रांना पाठवले.

तरी एक अडथळा उरला होता: आप्पांचं आयुष्मान कार्ड, म्हणजे योजनेत रुग्णाची ओळख दाखवणारं कार्ड. त्यासाठी आधारवरून ओळख पटवावी लागते. आप्पांच्या अंगठ्याचा ठसा मशिनवर उठेना. चाळीस वर्षं नांगर, कुदळ आणि कापसाची बोंडं धरून रेषाच उरल्या नाहीत. ओटीपी मागवला तर तो जुन्या बंद पडलेल्या नंबरवर. शेवटी आरोग्यमित्रांनी ॲपमधली चेहऱ्याची तपासणी लावली. नाकातली ऑक्सिजनची नळी सिस्टरनी डॉक्टरांना विचारून मिनिटभर बाजूला केली, आप्पांनी डोळ्यांची उघडझाप केली आणि हिरवी खूण आली. घरातल्या वयस्क माणसांच्या आधारला चालू मोबाईल नंबर जोडला आहे का, हे आजच बघा. आधार केंद्रावर तेव्हा ते पन्नास रुपयांचं काम होतं.

त्या रात्री झोप आली नाही. आयसीयूबाहेर बसून मोबाईलवर या योजनेबद्दल जे सापडलं ते वाचत राहिलो. ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ ला सुरू झाली, आणि पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होता. माझ्या बाकड्याखालच्या मजल्यावरची योजना या जिल्ह्यात बारा वर्षांपासून होती आणि तिच्यासाठी लागणारा आकडा आमच्या घरात नव्हता. पुढे वाचलं की १९८७ साली जागतिक बँकेने गरीब देशांना सल्ला दिला होता की सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घ्या, त्यातून सेवा सुधारेल. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांनी ते घेतलं, आणि पुढे बऱ्याच देशांना ते कमी किंवा बंद करावं लागलं, कारण गरीब माणूस दवाखान्यातच येईनासा झाला. थायलंडने २००२ पर्यंत देशभर वेगळी वाट धरली: बहुतेक आजारांना एका खेपेला तीस बाथ. आपल्याकडे आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर आला. हे खरंच मोठं काम झालंय आणि मी ते मानतो. पण शंभरातले एकोणचाळीस रुपये अजून ज्याच्या खिशातून जातात, तो पहाटे चारला काउंटरवर उभा असतो. मला त्या रात्री वाटलं आणि अजून वाटतं की पात्रता सिद्ध करायचं ओझं आजारी माणसाच्या पोरावर नको. आजारी पडायच्या आधीच प्रत्येकाचं नाव चढलेलं असलं पाहिजे, आणि ते चढवायला कुणीतरी गावात आलं पाहिजे.

१५ ला सुट्टी असली तरी रुग्णालयाने प्री-ऑथ पाठवलं. प्री-ऑथ म्हणजे उपचाराआधीची मंजुरी, रिपोर्ट आणि रुग्णाचा खाटेवरचा फोटो जोडून ती ऑनलाइन मागतात. संध्याकाळी क्वेरी लागली: पहिल्या ईसीजीची प्रत स्पष्ट दिसत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातला मूळ कागद माझ्या खिशात होता, तो परत स्कॅन करून टाकला. १६ ला सकाळी अकराला मंजुरी आली.

मी निश्चिंत होणार तेवढ्यात भावाने सांगितलं की १४ तारखेला, मी तहसीलमध्ये असताना, त्याला आत बोलावलं होतं. योजनेतली स्टेंट साधी असते, चांगली हवी असेल तर फरकाचे पस्तीस हजार भरा, आज निम्मे तरी द्या. त्याने वीस हजार भरले होते. पावतीवर फक्त "ॲडव्हान्स". भाऊ रडायला लागला. त्याला वाटत होतं त्याने चूक केली. बापाच्या छातीत साधी बसवायची की चांगली, असं विचारल्यावर कुठला मुलगा साधी म्हणेल?

मी थेट हृदयरोगतज्ज्ञांना गाठलं आणि विचारलं. त्यांनी सांगितलं, योजनेतही औषध लावलेलीच स्टेंट बसते, तुमच्या वडिलांना तीच योग्य आहे. नंतर औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या मित्राने सांगितलं की स्टेंटच्या किमतींवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्येच कमाल मर्यादा घातली आहे. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये होती, त्यानंतर ती वेळोवेळी बदलत गेली. मग पस्तीस हजारांचा नुसता फरक कसला? मी बिलिंगला जाऊन म्हटलं, उरलेले पंधरा हजार भरतो, पण कशाचे ते लेखी द्या. लेखी कुणी दिलं नाही आणि पंधरा हजार परत कुणी मागितलेही नाहीत. योजनेतल्या रुग्णाला कुणीही "वरचे" पैसे मागितले तर आवाज न चढवता एवढंच म्हणा: लेखी द्या.

१६ ला संध्याकाळी सहाला प्लास्टी झाली, मनगटातून. पाऊण तास. बाहेर आणलं तेव्हा आप्पांनी पहिलं विचारलं की कापूस भिजला का. त्या दिवशी ढग होते.

१७ ला रविवारी मी १५५३८८ वर फोन केला. योजनेची हेल्पलाइन आहे, फुकट आणि चोवीस तास. पंधरा हजार, आठ हजार आणि वीस हजार, तिन्ही पावत्यांच्या तारखा सांगितल्या, तक्रार क्रमांक लिहून घेतला. आप्पांना रोज दोन वेळचं जेवण योजनेतूनच मिळत होतं. आमच्यासाठी धुळ्यातली मावसबहीण डबा पाठवायची, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. आई पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

१९ तारखेला डिस्चार्ज. दहा दिवसांची औषधं मिळाली, घरी जायचं एसटीभाडं हातात मिळालं. आणि सह्यांसाठी एक गठ्ठा पुढे आला. मधल्या एका पानावर छापलेलं होतं की उपचारासाठी माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतलेली नाही. बाहेर गाडी उभी होती, आप्पांना बसवत नव्हतं, सगळे म्हणत होते करून टाक सही. मी त्या ओळीखाली पेनाने लिहिलं, "एकूण ४३,००० रुपये भरले, पावत्यांच्या प्रती जोडल्या आहेत," आणि मग सही केली. बिलिंगवाल्यांनी नवीन पान देऊ केलं, ते घेतलं नाही. भरलेल्या पानाचा फोटो काढला. पुढे सगळं प्रकरण त्या एका ओळीवर उभं राहिलं. डिस्चार्जच्या वेळी कितीही घाई असली तरी प्रत्येक पान वाचा.

२१ ला योजनेच्या जिल्हा समन्वयकांच्या नावे लेखी अर्ज दिला, पोच घेतली. आठवडाभराने रुग्णालयातून फोन आला, कशाला वाढवता, येऊन भेटा. मी म्हटलं, जे काही बोलायचं ते समन्वयकांसमोर. १२ डिसेंबरला ती बैठक झाली, वीस मिनिटांची. ९ जानेवारी २०२५ ला खात्यात ३९,२०० जमा झाले. ३,८०० पहिल्या रात्रीच्या खर्चाचे म्हणून कापले. रुग्णालयातल्या मेडिकलमधून घेतलेल्या ७,३४० रुपयांच्या औषधांचं काहीच मिळालं नाही, कारण बिलांवर रुग्णाचं नाव आणि भरती क्रमांक नव्हता. आम्ही नुसते पैसे देऊन पिशवी घेत गेलो. मेडिकलचं प्रत्येक बिल नावानिशी मागा.

मग मी बसून हिशेब घातला. दवाखान्यात अडकून गेलेले ११,१४०. बोलेरो २,२००. तहसील आणि धुळ्याच्या खेपांचं पेट्रोल, एसटी ३,०००. आमचं चहा-पाणी, लॉज २,६००. झेरॉक्स, अर्ज ४००. तीस हजारांचं दोन महिन्यांचं व्याज १,८००. भावाचा नऊ दिवसांचा बुडालेला पगार ५,४००. घाईत विकलेल्या कापसावर २,१०५. सगळे मिळून २८,६४५ रुपये. वावर विकावं लागलं नाही, आईचा शब्द राहिला. पण तिसरी वेचणी वेळेवर झाली नाही, आणि ज्या घरात कापूसही नाही, तिथे काय होत असेल याचा विचार मनातून जात नाही.

औषधं आता चालूच राहतील. सुरुवातीला महिन्याला अकराशे लागायचे. डॉक्टरांना विचारून जन औषधी केंद्रातून तीच घटकद्रव्यं घ्यायला लागलो, आता सव्वातीनशेत महिना निघतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हे त्यांनी आप्पांना माझ्यासमोर तीनदा बजावलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तात्या आमच्याकडे आले. त्यांचं वय ७१. सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांचं संरक्षण देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून निघतंय, आणि त्याला रेशनकार्ड लागत नाही, आधार पुरतं. ते त्यांचं काढायचं होतं. अंगठा उठला नाही, जसा आप्पांचा उठला नव्हता. मी चेहऱ्याची तपासणी लावली. तात्या ओट्यावर बसले आणि मोबाईल आप्पांनी हातात घेतला. दोघांच्या टोप्या जवळजवळ टेकत होत्या.

"डोया मिट," आप्पा म्हणाले. "आते उघाड."